रंजनाताईंचं शिफारसपत्र

मी सध्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. यापेक्षा मोठं पद मला आयुष्यात मिळालं नाही, आणि घरात तर हेही कुणी मानत नाही. ग्रुपमध्ये सगळे समाजकार्याचे पदवीधर. काही माझ्यासारखे केस पिकलेले, बरेचसे अजून पहिल्या नोकरीच्या शोधातले. रोज सकाळी चहा घेता घेता मी तिथं टाकत असतो: अमक्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक हवा, तमक्या संस्थेला क्षेत्र समन्वयक हवा, फेलोशिपची मुदत संपत आली, दिव्यांगांच्या दाखल्याचा नवा अर्ज असा असा भरायचा. खाली पंधरा-वीस जोडलेले हात येतात. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही लोकांना नोकऱ्या लावता आणि आपल्या गॅसचा नंबर लावायला विसरता." बायको नुसती टाकीकडे बघते.

एक गोष्ट मात्र मी त्या ग्रुपवर कधी देत नाही. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "सर, शिफारसपत्राचा चांगला नमुना असला तर पाठवा ना." मी ते वाचून न वाचल्यासारखं करतो. शिफारसपत्रं मी आजवर बरीच लिहिली, पण अगदी घोटीव, शब्दाला शब्द लागलेलं असं एकच जमलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. परवा मुलीनंच विचारलं, का नाही देत नमुना? तिला तोंडानं सांगायला गेलो तर मी ती गोष्ट नक्की माझ्या बाजूला झुकवून सांगणार. म्हणून लिहून ठेवतो आहे. लिहितानाही झुकेल, पण निदान खोडता येईल.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आपण मोठे झालो अशी माझी समजूत होती. पारगावला आमचं घर उसात होतं. ऊस उभा असेपर्यंत आम्हाला शेजारी नसायचे, रस्ता नसायचा, फक्त आवाज असायचे. एखाद्या सकाळी तोड व्हायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसलं की एकदम समोर काकांचं घर, त्यांच्या दोरीवरचे कपडे, लांबचा डांबरी रस्ता, सगळं उघडं पडायचं. आईला ते आवडायचं नाही. "सगळं गाव आपल्या ताटात बघतंय," म्हणायची. कारखान्याच्या भोंग्यावर तिची चूल चालायची. भोंगा झाला की तवा, दुसरा झाला की भाकरी उतरलेली. भोंगा कधी उशिरा झाला तर आम्ही उपाशी बसायचो, भिंतीवरचं घड्याळ बरोबर असलं तरी. हंगामात मळीचा वास इतका की पाहुणे नाकाला रुमाल लावून यायचे आणि आम्ही त्यांना विचारायचो, सर्दी झालीय का? थंडीत आई हुलग्याची शेंगोळी करायची. रस्सा इतका झणझणीत की वडील पहिल्या घासाला डोळे पुसत म्हणायचे, "पोरगं पुण्याहून शिकून आलंय, त्याला वाढ."

मी काय शिकून आलो हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. एमएसडब्ल्यू ही अक्षरं ते कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या लोकांना एका दमात ऐकवायचे आणि पुढं कुणी विचारलं की, "संस्थेत साहेब आहे," एवढं सांगून विषय संपवायचे. आईनं मात्र एकदा सरळच विचारलं होतं, "समाजाची सेवा करायला दोन वर्षं कॉलेजात कशाला जावं लागतं रे? मी तर घरातच करतीये, न शिकता."

आमच्या संस्थेचं एक केंद्र तळेघरला होतं. मी तिथला समन्वयक. समन्वयक म्हणजे काम दुसऱ्यानं करायचं आणि अहवाल आपण लिहायचा. काम करायच्या रंजनाताई. त्या माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, संस्थेतही माझ्या आधीपासूनच्या, शिक्षण माझ्याएवढंच. तरी मी त्यांचा साहेब होतो. कसा झालो हे त्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. त्या येडगावच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील धरणाच्या कालव्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या आणि माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं जे अंतर होतं, ते कसं मिटवावं यावर मी कॉलेजात निबंध लिहिला होता. पहिला वर्ग मिळाला होता.

रंजनाताई तळेघरला एका भाताच्या खाचराकडेच्या खोलीत राहायच्या. मी आठवड्यातून एकदा, गुरुवारी, मंचरहून एसटीनं वर जायचो. बस मोजक्याच, चुकली की दिवस गेला. त्या मात्र सहाच्या सहा दिवस चालत. वाडीवाडीवर जाऊन कुणाचा निराधार पेन्शनचा अर्ज भर, कुणाच्या पोराला अपंगत्वाचा दाखला मिळवून दे. सगळ्यात जास्त काम दवाखान्याचं. खाली मंचरला किंवा पुण्याला पेशंट न्यायचा, तर केसपेपर कुठं काढायचा, कोणत्या खिडकीवर शिक्का मिळतो, कोणता डॉक्टर चिडतो आणि चिडला तरी औषध बरोबर देतो, हे सगळं त्यांना पाठ. एकदा मी त्यांच्याबरोबर पुण्याच्या दवाखान्यात गेलो होतो. वाडीवरचा एक माणूस ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हता. डॉक्टर समजावून थकले. ताई त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमी बैलाच्या पायात काटा मोडला तर काय करता?" तो म्हणाला, "काढतो की." "बैलाला इचारता का?" तो हसला, मग म्हणाला, "पण बैलाला भ्या वाटतं, त्याचं काय?" ताई म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच मी हितं बसलीये. उठणार न्हाई." अंगठा उमटला. मी हे सगळं अहवालात लिहिलं आणि खाली सही माझी केली.

गुरुवारी वर जाताना मी एक पान घेऊन जायचो. मंचरच्या सायबर कॅफेत बसून समाजकार्याच्या जागांच्या जाहिराती शोधायच्या, वर्तमानपत्रातली कात्रणं त्यात डकवायची, झेरॉक्स काढून सगळ्या केंद्रांवर वाटायची. ही सेवा मी स्वतःहून चालू केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. तळेघरला फोनची रेंज एका खडकावर चढून मिळायची, तिथं माझं पान म्हणजे बाहेरच्या जगाची खिडकी, असं मीच अहवालात लिहिलं होतं. ते कुणी खरंच वाचून नोकरी सोडून जाईल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

एका गुरुवारी ताईंनी नाचणीची भाकरी केली होती, बरोबर वाटाण्याची आमटी आणि ओल्या मिरचीचा ठेचा. मी जेवत होतो आणि त्या पान वाचत होत्या. पुण्यातल्या एका रुग्णालयाची जाहिरात होती, वैद्यकीय समाजसेवकाची जागा, कायमची. ती मीच कात्रीनं कापून मध्यभागी डकवली होती, कारण आकारानं मोठी होती आणि पान भरल्यासारखं दिसत होतं.

"सर, ह्या जागेला मी भरू का अर्ज?"

"भरा की," मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं. मनानं मोठा माणूस होतो मी.

"वय बसतंय आवंदा. पुढच्या वर्षी न्हाई बसायचं. पुन्हा असली जागा कवा निघायची?" मग म्हणाल्या, "त्यांना आताच्या साहेबांचं शिफारसपत्र लागतंय, बंद पाकिटात. तुमी द्याल ना?"

"द्याल ना काय ताई? झकास लिहितो."

परतीच्या बसमध्ये डिंभे धरणाच्या पाण्याकडे बघत मी मनातल्या मनात पत्र लिहायला लागलो आणि घोडेगाव येईपर्यंत मला घाम फुटला. ताई गेल्या तर वाड्यांवर कोण फिरणार? नवीन माणूस मिळेपर्यंत मी. पावसात जळवा लागलेले पाय घेऊन मी. महिन्याभरात देणगीदारांची भेट ठरलेली होती. ते लोक वाडीवर जाऊन बोलणार आणि वाडीवरचे लोक मला ओळखतच नव्हते. एकदा एका म्हातारीनं मला वायरमन समजून मीटर दाखवला होता. दोन वर्षं मी जे अहवाल लिहिले त्यातला एकही माणूस मला नावानं हाक मारू शकला नसता.

पत्र मी रविवारी सकाळी ओट्यावर बसून लिहिलं. पहिला कागद सरळ होता: या कामाला यांच्याइतकी लायक व्यक्ती मी पाहिलेली नाही. तो वाचला आणि घडी करून खिशात घातला. मग दुसरा घेतला. तो मला आजही पाठ आहे. "श्रीमती रंजना या अत्यंत प्रामाणिक व कष्टाळू कार्यकर्त्या आहेत. दुर्गम वाड्यांवर पायी फिरून त्यांनी लोकांचा विश्वास संपादन केला आहे. त्यांच्या पार्श्वभूमीमुळे त्या वंचित घटकांत सहज मिसळतात. कार्यालयीन कामापेक्षा प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात त्यांचे मन अधिक रमते. येथील वस्तीला त्यांची नितांत गरज असून त्या गेल्यास निर्माण होणारी पोकळी भरून काढणे अशक्य आहे."

बघा, यात खोटं काय आहे? काही नाही. कार्यालयीन कामाचं तर त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, महिनाअखेरचे तक्ते भरून दमल्या होत्या तेव्हा, "सर, ह्या रकान्यांपरीस डोंगर बरा." विश्वासानं बोललेलं वाक्य मी कामाला लावलं. आणि आणखी एक कबूल करतो. लिहून झाल्यावर मला वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं. गोरगरिबांच्या बाजूनं उभा राहिलो असं वाटलं. आमच्या शिक्षणाचा हा मोठा फायदा आहे, स्वतःच्या सोयीला लोकांचं हित म्हणायला फार वेळ लागत नाही.

आई भांडी घासत होती. म्हणाली, "एवढं काय लिहितोयस टक लावून?"

"रंजनाताईंचं कौतुक."

"कर की. कामाची बाई हाये."

मुलाखत देऊन ताई आल्या त्या गुरुवारी मी मुद्दाम लवकरची बस धरली होती. त्या खुशीत होत्या. "सर, लई चांगली माणसं. मला जास्त काय इचारलंच न्हाई. एवढंच म्हणाले, तुमच्याशिवाय तिथं चालेल का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणाले, चालंल की. आमचे सर हायेत."

मी पाणी मागितलं.

त्यांना घेतलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या वडिलांचा निरोप आला, सरांना रविवारी येडगावला जेवायला पाठव. मी टाळायचा प्रयत्न केला, पण ताई म्हणाल्या, "आण्णा वाट बघतायत," आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. गेलो. घर लहान, स्वच्छ, मागं कालव्याच्या पाण्याचा सतत आवाज; पाऊस पडतोय असं वाटायचं आणि बाहेर ऊन असायचं. ताईंच्या आईनं धरणातल्या माशांचं कालवण केलं होतं, तांदळाची भाकरी, कांदा, लिंबू. ताटाभोवती रांगोळीची रेघ काढलेली बघून मी पाय सावरून बसलो. आण्णांनी हात धुतले, चष्मा लावला आणि टेबलावरून एक पाकीट उचललं. रुग्णालयानं नकाराच्या चिठ्ठीबरोबर सगळी कागदपत्रं घरच्या पत्त्यावर परत पाठवली होती. त्यात माझं पत्रही होतं.

"तुमी जेवा सर, मी वाचतो," आण्णा म्हणाले. आणि त्यांनी ते वाचलं. एकेक वाक्य, थांबून थांबून, कालव्यावरच्या नोंदवहीत पाण्याची पातळी वाचावी तसं. प्रत्येक वाक्यानंतर बायकोकडे बघायचे. "दुर्गम वाड्यांवर पायी फिरून. ऐकलं का? लोकांचा विश्वास संपादन केला आहे. बघ." पोकळी भरून काढणे अशक्य आहे, इथं त्यांचा आवाज जरा कापला. पत्राची घडी करून म्हणाले, "नोकरी मिळो न मिळो. पोरीबद्दल साहेबानं असं लिहिलं, आमाला भरून पावलं."

तेवढ्यात ताईंच्या आईनं माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, एवढं चांगलं लिवलंय तुमी, मंग पोरीला घेतली का न्हाई वो त्यांनी?"

माशाचा काटा घशात अडकावा अशी प्रार्थना मी आयुष्यात त्या एकाच वेळी केली. मासा निवडून वाढलेला होता, एकही काटा सापडला नाही. बोलल्या त्या ताईच. "आये, काही जागा आधीच ठरल्याल्या असत्यात. तू त्यांना जेवू दे." त्यांनी मला वाचवलं. आई-वडिलांसमोर माझी अब्रू त्यांनी झाकली, आणि मी दुसरी भाकरी घेतली.

त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. निम्मा रस्ता संपला. मग म्हणाल्या, "सर, मी चारदा वाचलं. खोटी ओळ शोधत व्हते. एक पण न्हाई सापडली."

"ताई, मला वाटलं की…"

"वाटलं तेच लिहिलंय की तुमी." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक इचारू? पार्श्वभूमी माझीच का लिहिली? तुमाला न्हाई का?"

मी म्हणू शकलो असतो, चुकलो. एकाच शब्दाचं काम होतं. पण नारायणगावची जीप आली, ड्रायव्हर ओरडला, "चला पावणं, एकच सीट हाये," आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी चढलो. मागं वळून हातही केला. तो हात मला अजून झोंबतो.

नंतरचे काही महिने आम्ही कामापुरते बोललो. जागांचं पान मी नेत होतो, त्या घेत होत्या. मग एका सकाळी त्या पारगावला घरी आल्या, पहिल्यांदाच. आईनं त्यांना ओट्यावर नाही, आत बसवलं आणि चहाबरोबर शेंगोळीची वाटी पुढं केली. मला त्याचंही नवल वाटलं. समाजकार्याची पदवी माझी होती. ताईंनी पिशवीतून कागद काढला. एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशकाची जागा निघाली होती, कंत्राटी, पण अनुभवी माणसांना वयात सवलत होती. माझ्याच पानावर आली होती म्हणे. मी नीट वाचलीही नव्हती.

"पत्र लागतंय," त्या म्हणाल्या. "ह्या वेळेला मी लिहून आणलंय. तुमी सही करा."

मी न वाचताच पेन काढलं. तेवढाच दिलदारपणा दाखवू म्हटलं.

"तसं नगं. वाचा आणि मंग करा."

चार ओळी होत्या. रंजना यांनी आमच्याकडे काम केले आहे. रुग्णालयातील काम त्यांना येते. त्यांना सोडण्यास आमची हरकत नाही. आणि शेवटची: त्या गेल्यावर तळेघर केंद्राच्या वाड्यांवरचे काम मी स्वतः करीन.

मी वर बघितलं. त्या शांतपणे शेंगोळी खात होत्या. आई चुलीपाशी उभी राहून आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "कर की सही," ती म्हणाली, "तुझं नाव लिहायला येत न्हाई का?" मी सही केली. सही जरा वाकडी आली.

त्यांना ती नोकरी मिळाली. त्या गेल्या त्याच्या पुढच्याच सोमवारी मी बूट घालून वरच्या वाडीला निघालो. दोनदा वाट चुकलो, एकदा खाचरात पाय गेला. पोचलो तेव्हा एक म्हातारी अंगणात नाचणी झोडत होती. तीच, मीटरवाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाइट हाये आमची."

मी म्हटलं, "आजी, मी वायरमन नाही. रंजनाताईंच्या जागेवर आलोय."

आता तिनं हात थांबवला. "का? ती कुठं गेली?"

"त्यांना नोकरी लागली. दवाखान्यात." मला वाटलं ती हळहळेल, रडेल. वस्तीला तिची नितांत गरज, असं मीच तर लिहिलं होतं. मी चेहराही त्या मानानं पडेल केला.

म्हातारीचा चेहरा उजळला. आत बघून ती ओरडली, "अगं ए, आपल्या रंजीला नोकरी लागली!" आणि मग मला म्हणाली, "बरं झालं बया. दोन सालं झाली, आमी सगळी तिच्या मागं लागलो व्हतो, जा म्हणून. म्हणायची, आमचे सर एकटे पडत्याल."